तिरपा काप

सिटी सर्व्हेचा माणूस साखळी गुंडाळून गेला
मागे अकरा खुंट ठेवून.
मांजलपूरचा वडिलांचा प्लॉट
दुपारी दीड वाजता दोन झाला.
भिंतीचा खर्च कोणी करायचा, यावर पुन्हा वाद.
म्हणून कोयनेल.

कोयनेल फुकट असते.
मगनकाकांनी पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या झुडपाची
भारा भरून छाट आणली, सायकलच्या कॅरिअरवर,
ओल्या गोणपाटात, बाळंतिणीसारखी झाकून.
आषाढ संपत आलेला. आभाळ भरलेलं, ऊन नाही.
'आजनो दिवस सारो,' म्हणाले.

मी आणि बापू, खुंटांच्या दोन बाजूंना,
एकमेकांकडे बघायला नको म्हणून
त्यांच्या हातांकडे बघत राहिलो.
काडी पेन्सिलीएवढी जाड. कोवळी लवलवती नको,
करड्या सालीची म्हातारी नको.
वीतभर लांब. तीन डोळे मातीत, दोन वर.
वरचा काप सरळ,
खालचा तिरपा,
म्हणजे तासाभरानं आपण विसरलो
तरी काडी विसरत नाही
जमीन कुठल्या अंगाला होती.
'ऊंधुं ना रोपता, भाई.'
दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा बापूकडे बघून.

काकांना माहीत होतं.
गणपतीच्या मागे आरसा लावायला सांगितला
तर बापूनं तो पाठमोरा लावला होता,
दहा दिवस तांबडा रंग पुढे.

काळ्या मातीत महीची वाळू कालवली.
साठ काड्या त्याच्या, साठ माझ्या, एक सोडून एक.

दहाव्या दिवशी पानं फुटली.
मी त्याला दिसेल असं हसलो असेन.
काका म्हणाले, हसू नका,
ही काडीच्या अंगातली जुनी शिल्लक,
आईकडून खाऊन आली तेवढी.
मूळ नसतानाही पानं येतात
आणि शिल्लक संपली की
एका दुपारीत काळी पडतात.
मला धीर नव्हता.
रोज उजाडता एक काडी उपसून बघायचो
आणि परत खोचायचो.
मेल्या त्या माझ्याच.
केसाएवढं पांढरं मूळ
बघणाऱ्याच्या बोटातच तुटतं,
हे काकांनी सांगितलं, नवीन काड्या लावताना,
ओरडले मात्र नाहीत.

आता कुंपण छातीएवढं आहे.
दरवर्षी कातरतो. माझी बाजू मी, त्याची तो.
माथा कोणाचा, ते मोजणीत ठरलं नव्हतं,
म्हणून माथा वाकडा.
छाटलेलं फेकवत नाही.
तरसालीच्या फणसेंनी नेलं, बालवाडीनं नेलं,
पंपहाऊसला लागलं, प्रज्ञाबेनच्या गोठ्याभोवती लागलं.
संध्याकाळी फिरायला निघालो की
निम्म्या वस्तीला आमच्या भांडणाचं कुंपण.
गच्च, हिरवंगार.
बकऱ्या तोंड लावत नाहीत. कडू आहे.

सातव्या खुंटापाशी तेवढी एक जागा धरत नाही.
खाली चुना असेल, घर बांधतानाचा.
तीन पावसाळे लावली, तीनदा गेली.
तिथून मुंगूस जातं.
तिथून बापूच्या चपला दिसतात.
हल्ली डावी जास्त झिजते.

आज सकाळी गवत काढायला वाकलो
तर तिथे नवी काडी.
मी लावलेली नाही.
भोवती आळं केलेलं, माती नीट दाबलेली,
पाणीसुद्धा घातलेलं,
आणि वर, आभाळाकडे तोंड करून,
तिरपा काप.

मी इकडेतिकडे पाहिलं.
उपसली. फिरवली.
तीन डोळे मोजून खोचली,
त्याच्या अंगठ्याच्या ठशावरच माझा अंगठा ठेवून
माती दाबली,
हात पायजम्याला पुसले.

आता उपसून बघायची नाही.
दसऱ्यापर्यंत तरी.